पारा, पोती आणि तीन मिनिटांचे रॅप : कोडाईकनाल प्रकरणाचा अभ्यास

३० जुलै २०१५ रोजी ‘झटका’ या लोकमोहिमा चालवणाऱ्या संस्थेने यूट्यूबवर ‘कोडाईकनाल वोन्ट’ नावाचे जेमतेम तीन मिनिटांचे एक इंग्रजी रॅप प्रसिद्ध केले. गाणारी सोफिया अश्रफ ही चेन्नईची तरुणी, दिग्दर्शक रतींद्रन प्रसाद, चाल निकी मिनाज या अमेरिकी रॅपरच्या आदल्या वर्षी गाजलेल्या ‘अ‍ॅनाकोंडा’ची, आणि रोख थेट युनिलिव्हर या बहुराष्ट्रीय कंपनीवर. तमिळनाडूतील कोडाईकनाल येथे बंद पडलेल्या थर्मामीटर कारखान्याने पाऱ्याने दूषित केलेली जमीन साफ करावी आणि तिथल्या माजी कामगारांना भरपाई द्यावी, या मोहिमेच्या दोन मुख्य मागण्या होत्या. काही महिन्यांत ही चित्रफीत तीस लाखांहून अधिक वेळा पाहिली गेली. ९ मार्च २०१६ रोजी, म्हणजे सव्वासात महिन्यांनी, हिंदुस्तान युनिलिव्हर आणि ५९१ माजी कामगार यांच्यातील समझोता मद्रास उच्च न्यायालयासमोर आला.

एका रॅपने बलाढ्य कंपनीला नमवले, असे या घटनेचे वर्णन तेव्हा झाले आणि अजूनही होते. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजून घेतले नाही, तर सामाजिक न्यायासाठी गाणे वापरू पाहणाऱ्या तरुणांच्या हाती या प्रकरणातून फक्त एक चमत्कारकथा लागेल. गाण्याच्या मागे चौदा वर्षांचे कागद होते, कामगारांची स्वतःची संघटना होती आणि न्यायालयात उभा असलेला दावा होता. गाण्याने या लढ्याला ज्या ठिकाणी रेटा दिला, त्या ठिकाणी कंपनी खरोखर हलली. जिथे गाण्याचा रेटा पोहोचू शकत नव्हता, तिथे ती हलली नाही.

कारखाना कोडाईकनालला कसा आला

चेझब्रो-पॉण्ड्स या अमेरिकी कंपनीचा पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना न्यूयॉर्क राज्यातील वॉटरटाउन या गावी होता. तो तिथून उचलून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पळणी डोंगररांगेतील कोडाईकनाल या थंड हवेच्या ठिकाणी आणण्यात आला. १९८७ मध्ये युनिलिव्हरने ही मूळ कंपनी जगभरातल्या कारभारासकट ताब्यात घेतली, आणि पुढे कारखाना तिच्या भारतीय कंपनीकडे, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्तान लिव्हरकडे आला. पारा परदेशातून येत होता आणि तयार थर्मामीटर परदेशी जात होते. कोडाईकनालच्या वाट्याला मजुरी आणि कचरा एवढेच येत होते.

थर्मामीटर तयार करताना काचेच्या अतिशय बारीक नळीत पारा भरावा लागतो, नळी तापवून जादा पारा बाहेर काढावा लागतो, मग तोंड बंद करून तिच्यावर अंशांच्या खुणा कराव्या लागतात. या प्रत्येक पायरीवर काही नळ्या फुटतात आणि पाऱ्याचे थेंब मेजावर, फरशीवर, कपड्यांच्या घड्यांत जातात. पारा साध्या हवामानातही हळूहळू वाफ होऊन हवेत मिसळतो. ही वाफ डोळ्यांना दिसत नाही, तिला वास नाही, आणि श्वासावाटे ती वर्षानुवर्षे शरीरात जात राहिली तर मज्जासंस्था आणि मूत्रपिंडे यांना इजा करते. आपण काय हाताळत आहोत याची पुरेशी कल्पना आपल्याला कधीच देण्यात आली नाही, असे तिथल्या माजी कामगारांनी पुढे वारंवार सांगितले. कामावर लागले तेव्हा त्यांतले बरेचजण ऐन विशीत होते. डोंगरावरच्या गावात कायम पगाराची कारखान्यातली नोकरी मिळणे ही तेव्हा भाग्याची गोष्ट मानली जात होती, आणि म्हणूनच प्रश्न विचारण्याची सवय कुणाला लागली नाही.

जागेची निवडही तितकीच घातक होती. कारखाना सेंट मेरीज रोडवर, पांबार शोलाच्या माथ्यावर उभा होता. दक्षिणेतल्या उंच डोंगरांच्या घळींमध्ये जे दाट, ओलसर सदाहरित जंगल असते त्याला तिथे शोला म्हणतात. पावसाचे पाणी धरून ठेवून ते वर्षभर झऱ्यांना सोडण्याचे काम हे जंगल करते. या शोलातून निघणारे पाणी खाली वैगई नदीच्या खोऱ्यात जाते. पाण्यात गेलेल्या पाऱ्याचे सूक्ष्मजीवांमुळे मिथाइल पाऱ्यात रूपांतर होते आणि मग तो माशांच्या शरीरात साठत जातो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेली विषबाधा याच प्रकारची होती. म्हणजे पाऱ्याच्या या गुणधर्माची माहिती कोडाईकनालचा कारखाना सुरू होण्याच्या पाव शतक आधीपासून जगाला होती.

मुंजिक्कलची पोती

मार्च २००१ मध्ये ग्रीनपीस, पळणी हिल्स कॉन्झर्वेशन कौन्सिल आणि स्थानिक रहिवासी यांनी कोडाईकनालमधील मुंजिक्कल या गजबजलेल्या भागातल्या एका भंगारवाल्याकडे पडलेली फुटक्या थर्मामीटरची पोती जगासमोर आणली. कार्यकर्त्यांच्या म्हणण्यानुसार हा माल ७.४ टन होता. कंपनीने नंतर आपल्या बाजूने जे मान्य केले त्यानुसार तो ५.३ टन होता, त्यात ०.१५ टक्के पारा शिल्लक होता आणि तो कंपनीच्याच नियमांचा भंग करून विकला गेला होता.

या ठिकाणी जरा थांबून हिशेब करावा असे मला वाटते. कंपनीचाच आकडा धरला, तरी ५.३ टनांच्या ०.१५ टक्के म्हणजे सुमारे आठ किलो पारा होतो. तापाच्या एका थर्मामीटरमध्ये साधारण एक ग्रॅमच्या आसपास पारा असतो. म्हणजे जवळजवळ आठ हजार थर्मामीटर फोडून त्यांतला पारा भर वस्तीत पोत्यांमध्ये ठेवावा, इतका तो ऐवज होता. आणि हा अंदाज कंपनीच्या बाजूचा आहे. त्याच महिन्यात कारखाना बंद झाला. २००३ मध्ये पारामिश्रित काचेचा आणि इतर कचऱ्याचा सुमारे २९० टनांचा साठा जहाजाने अमेरिकेत प्रक्रियेसाठी पाठवावा लागला. मोहिमेच्या दृष्टीने हे फार मोठे यश होते, कारण श्रीमंत देशांतला विषारी कचरा गरीब देशांत येत असल्याच्या काळात इथे उलटा प्रवास घडला होता. मात्र जमिनीत मुरलेला पारा आणि कामगारांच्या शरीरात गेलेला पारा जहाजात भरता येत नव्हता.

२००६ मध्ये माजी कामगारांची संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली. यानंतरची वर्षे समित्यांमध्ये आणि अहवालांमध्ये गेली. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीला कामगारांचे आजार आणि पारा यांच्यातला संबंध सिद्ध करण्याइतका पुरावा आढळला नाही. पुढे २०११ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या पातळीवरील अहवालाने असा संबंध असल्याचे सकृद्दर्शनी दिसते असे म्हटले. आपल्या कामगारांच्या आरोग्यावर कारखान्याचा कोणताही दुष्परिणाम झालेला नाही, ही कंपनीची भूमिका मात्र शेवटपर्यंत कायम राहिली. औद्योगिक आजारांच्या दाव्यांत नेहमी घडते ते इथेही घडले. कामगार कामावर असताना त्याच्या रक्तातील आणि लघवीतील पाऱ्याच्या नोंदी मालकाच्या दप्तरी असतात, आणि कारखाना सुटल्यावर अनेक वर्षांनी तपासणी केली तर शरीरातला पारा बराचसा निघून गेलेला असतो, झालेली इजा तेवढी मागे राहिलेली असते.

सोफिया अश्रफ आणि तिच्या गाण्याची घडण

सोफिया अश्रफ ही या प्रकरणात २०१५ साली अचानक उगवलेली नव्हे. चेन्नईत महाविद्यालयीन वयात ती हिजाब घालून रंगमंचावर रॅप करीत असे आणि त्यामुळे तिची चर्चाही झाली होती. त्याच शहरात ‘जस्टिस रॉक्स’ या नावाने सामाजिक प्रश्नांवर तरुणांच्या मैफली होत असत, आणि लेखक-कार्यकर्ते नित्यानंद जयरामन यांच्यासारखे, कोडाईकनाल व भोपाळ या दोन्ही प्रश्नांवर वर्षानुवर्षे काम करणारे लोक या वर्तुळात होते. २००८ मध्ये तिने भोपाळ वायुदुर्घटनेच्या संदर्भात ‘डोन्ट वर्क फॉर डाऊ’ हे रॅप केले. युनियन कार्बाइड विकत घेतलेल्या डाऊ केमिकल कंपनीत नोकरी धरू नका, असे ते तिच्याच वयाच्या विद्यार्थ्यांना उद्देशून होते. आयआयटीसारख्या संस्थांमध्ये डाऊच्या नोकरभरतीला विद्यार्थ्यांचा विरोध त्या काळात सुरू होता, त्यामुळे ते गाणे हवेत सोडलेले नव्हते. महाराष्ट्रातल्या वाचकांना आठवत असेल की त्याच २००८ मध्ये चाकणजवळ शिंदे-वासुली येथे होऊ घातलेल्या डाऊच्या संशोधन केंद्राला गावकऱ्यांनी आणि वारकऱ्यांनी कडवा विरोध केला होता व पुढे कंपनीला तो प्रकल्प सोडून द्यावा लागला. चेन्नईची रॅप गाणारी मुलगी आणि देहू-आळंदीच्या परिसरातले टाळकरी एकमेकांना ओळखत नव्हते, पण दोघांनीही आपापल्या रियाजातले साधनच लढ्याला लावले होते.

सोफियाने जाहिरात क्षेत्रात लेखनाचे कामही केले होते. माझ्या मते ‘कोडाईकनाल वोन्ट’ समजून घेण्याची खरी किल्ली इथे आहे. मोठ्या ग्राहकोपयोगी कंपनीची सर्वांत मौल्यवान मालमत्ता कारखाना किंवा जमीन नसून तिचे नाव असते, हे जाहिरात लिहिणाऱ्याला कुणी वेगळे शिकवावे लागत नाही. मुंबईत अंधेरीला मुख्यालय असलेल्या हिंदुस्तान युनिलिव्हरचा साबण, कपडे धुण्याची पावडर किंवा चेहऱ्याला लावायचे क्रीम यांपैकी काहीतरी भारतातल्या बहुतेक घरांत असते. शिवाय २०१० पासून मूळ युनिलिव्हर कंपनीने मुख्याधिकारी पॉल पोलमन यांच्या नेतृत्वाखाली पर्यावरण आणि लोककल्याण यांना वाहिलेला एक जागतिक आराखडा जाहीर करून आपली ओळखच त्याच्याभोवती बांधली होती. जी कंपनी असा शब्द देत नाही, तिला शब्द मोडल्याचा जाब विचारता येत नाही. युनिलिव्हरने तो दिला होता, म्हणून हा वार अचूक बसला.

गाण्याची भाषा इंग्रजी आहे, आणि ज्या कामगारांसाठी ते गायले गेले त्यांची भाषा तमिळ आहे. यावर आक्षेप घेता येतो आणि तो वाजवी आहे. शिकलेल्या शहरी तरुणीने इंग्रजीतून कष्टकऱ्यांच्या वतीने बोलणे यात, ज्यांचे दुःख आहे त्यांचाच आवाज झाकला जाण्याचा धोका असतो. पण इथे गाणे कामगारांना उद्देशून नव्हतेच. लंडनमधल्या संचालक मंडळाला, समभागधारकांना, या कंपनीत नोकरी मिळावी म्हणून धडपडणाऱ्या व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि ‘अ‍ॅनाकोंडा’ तोंडपाठ असलेल्या जगभरातल्या पोरांना ते ऐकवायचे होते. माजी कामगार आणि त्यांची ठाम, कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारी मुद्रा चित्रफितीत आहे. त्यांच्याकडून करुणा मागून घेण्याचा प्रयत्न दिग्दर्शकाने केलेला नाही. आणि वाटाघाटीचा अधिकार तर सबंध काळात कामगारांच्या संघटनेकडेच राहिला, मोहिमेने तो स्वतःकडे घेतला नाही. ही शिस्त मला या प्रकरणातली सर्वांत अनुकरणीय गोष्ट वाटते.

चाल उसनी घेण्याचा निर्णयही विचारपूर्वक होता. आंबेडकरी जलशांनी लोकांच्या ओठांवर असलेल्या चाली घेऊन त्यांत आपले शब्द भरले, ते याच कारणासाठी. चाल ओळखीची असली की ऐकणाऱ्याचे सगळे लक्ष शब्दांवर जाते. यूट्यूबच्या काळात याला आणखी एक बाजू आली, ती म्हणजे मूळ गाणे शोधणाऱ्याच्या समोर हे गाणेही येऊ शकते. खुद्द निकी मिनाजने ट्विटरवर ही चित्रफीत पुढे पाठवली आणि पाहणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. त्या एका कृतीने भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांपुरता असलेला विषय ब्रिटन-अमेरिकेच्या माध्यमांत गेला.

पोलमन यांनीही ट्विटरवरच उत्तर दिले. आम्ही या प्रश्नावर कित्येक वर्षे काम करीत आहोत आणि गरज वस्तुस्थितीची आहे, खोट्या भावनांची नव्हे, असा त्याचा आशय होता. या उत्तराने कंपनीचे नुकसानच झाले असावे. वस्तुस्थितीचे दप्तर तोवर विरुद्ध बाजूकडे तयार होते. भंगाराच्या पोत्यांची छायाचित्रे, मातीच्या तपासण्या, कामगारांचे जबाब, न्यायालयीन कागद हे सर्व वर्षानुवर्षे जपलेले होते, आणि गाण्याच्या खाली दिलेल्या दुव्यावरून उत्सुक माणूस सरळ त्यांच्यापर्यंत पोहोचत होता. गाण्यात नुसताच संताप असता आणि मागे हे दप्तर नसते, तर पोलमन यांचे वाक्य लोकांना पटले असते.

समझोता

मार्च २०१६ मधील समझोत्यानुसार कंपनीने माजी कामगारांना आणि मृत कामगारांच्या कुटुंबीयांना सानुग्रह रक्कम देण्याचे मान्य केले, संघटनेने समाधान व्यक्त केले आणि न्यायालयाने दहा वर्षे चाललेली याचिका निकाली काढली. रक्कम जाहीर झाली नाही. कंपनीने हे मानवतेच्या भूमिकेतून केल्याचे म्हटले. कामगारांच्या आजारांना कारखाना जबाबदार होता, हे तिने कबूल केले नाही. ज्यांना वाटते की दोष मान्य न करता दिलेले पैसे म्हणजे न्याय नव्हे, त्यांच्याशी मी तत्त्वतः सहमत आहे. पण पंधरा वर्षे औषधांचा खर्च करून थकलेल्या माणसाने ते पैसे नाकारावेत असे म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि गाण्यावर नाचलेल्या लाखो प्रेक्षकांनाही नाही.

गाण्याशिवाय हा समझोता झाला असता का, याचे उत्तर ठामपणे देता येत नाही. मात्र काळाचा क्रम बोलका आहे. २००६ ते २०१५ या नऊ वर्षांत जे घडले नाही, ते गाण्यानंतरच्या आठ महिन्यांच्या आत घडले. न्यायालयात कंपनीला वेळ काढणे परवडत होते, कारण तारखा पडत राहिल्या तरी बाहेर त्याची खबर कुणाला नव्हती. गाण्याने प्रत्येक दिवसाच्या विलंबाची किंमत कंपनीच्या नावावर चढवायला सुरुवात केली. आजारी कामगारांना नाकारणारी कंपनी असे चित्र एकदा जगभर गेले की ते पुसण्याचा एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे त्या कामगारांशी समेट करणे.

मातीचे काय झाले

दुसरी मागणी जमिनीच्या सफाईची होती, आणि तिथे प्रकरण वेगळ्याच वळणाने गेले. कारखान्याच्या आवारातील मातीत प्रति किलो किती मिलिग्रॅम पारा राहिला तरी चालेल, हा तो वाद. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा, म्हणजे नीरीचा, या सफाईच्या पद्धती ठरवण्यात सहभाग होता आणि तमिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रति किलो २० मिलिग्रॅम हे माप स्वीकारले. कार्यकर्त्यांचे म्हणणे होते की खाली शोला आणि नदीचे पाणलोट असताना हे माप फार सैल आहे, आणि युरोपात अशा जागी इतका पारा मागे सोडून जाण्याची परवानगी कंपनीला मिळाली नसती. कॅनडात निवासी जमिनीसाठीचे माप ६.६ मिलिग्रॅम आहे, हे पाहिले तर या आक्षेपातले वजन लक्षात येते. कंपनीची बाजू अशी की माती अधिक खोल खणून धुवायची झाली तर आवारातील झाडे तोडावी लागतील आणि उताराची धूप होऊन तोटाच अधिक होईल. हा युक्तिवाद सरसकट धुडकावून लावण्यासारखा नाही. पण ती झाडे ज्या मातीत उभी आहेत ती कुणी बिघडवली, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

या दुसऱ्या मागणीसाठी २०१८ मध्ये ‘कोडाईकनाल स्टिल वोन्ट’ हे गाणे आले. या वेळी सोफियाबरोबर कर्नाटक संगीताचे विख्यात गायक टी. एम. कृष्णा आणि अमृत राव हे होते, दिग्दर्शक पुन्हा रतींद्रन प्रसाद. गोऱ्यांच्या देशात एक नियम आणि इथे दुसरा, हा पर्यावरणातला वंशभेद आहे, असा त्याचा आशय. संगीत म्हणून हे गाणे पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक कसदार आहे. रॅपची लय आणि कृष्णा यांचा स्वर एकमेकांना छेदत जातात तेव्हा अंगावर काटा येतो. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता आंतरराष्ट्रीय कराराला भारताने अधिकृत मान्यता दिली तीही २०१८ मध्येच, म्हणजे वेळही अनुकूल होती. तरीही पहिल्या गाण्याचा गजर दुसऱ्याला मिळाला नाही.

याचे कारण गाण्यात नाही, असे मला वाटते. पहिल्या वेळी मागणी आणि माणूस एकत्र दिसत होते. ५९१ कामगार होते, त्यांना चेहरे होते, आणि कंपनीने त्यांच्याशी बोलणी केली की नाही हे कुठल्याही प्रेक्षकाला कळण्यासारखे होते. दुसऱ्या वेळी २० मिलिग्रॅम की त्याहून कमी, एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्याचा निर्णय तज्ज्ञांच्या अहवालांत, मंडळाच्या परवानग्यांत आणि हरित लवादाच्या सुनावण्यांत होत होता. कंपनीला तिथे आपल्या नावाची भीती नव्हती, कारण सरकारी यंत्रणेने मंजूर केलेले माप आम्ही पाळतो, हे उत्तर तिच्या हाताशी होते. दुसऱ्या गाण्याचा रोख खरे तर कंपनीइतकाच नियामक मंडळावर असायला हवा होता. पण सरकारी मंडळाच्या मालावर बहिष्कार घालता येत नाही आणि त्याचे समभागही बाजारात नसतात, म्हणून पहिल्या वेळचे हत्यार तिथे चालले नाही.

सोफियाने हा मार्ग सोडला नाही. दरम्यान २०१६ मध्ये तिने डाऊ आणि भोपाळ यांच्यातील रॅपचा सामना रंगवून पुन्हा युनियन कार्बाइडच्या आवारातील विषारी कचऱ्याचा विषय लावून धरला होता. कोडाईकनालचे माजी कामगार, स्वतःची रक्कम मिळाल्यानंतरही, जमिनीच्या प्रश्नावर कार्यकर्त्यांबरोबर बोलत राहिले, ही गोष्ट बातम्यांमध्ये फारशी आली नाही. तिची नोंद इथे मुद्दाम करतो. सेंट मेरीज रोडवरच्या आवारातील मातीच्या सफाईचे काम पुढे प्रति किलो २० मिलिग्रॅम याच मापावर हाती घेण्यात आले.